सुटणारी वायर

पार्थिबनला भीती वाटण्याचा पगार मिळत असे. विमा कंपनीच्या दावे विभागात बावीस वर्षं बसून त्याने माणसं घरातल्या घरात किती तऱ्हांनी पडू शकतात याचा असा काही अभ्यास केला होता, की त्याला पायपुसणं हे पायपुसणं दिसतच नसे. 'उजव्या खुब्याचं हाड, रुग्णालयात अकरा दिवस' असं दिसे. पेरंबूरच्या त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात त्यामुळे एकही पायपुसणं नव्हतं. न्हाणीघरात धरायला तीन दांड्या होत्या, संडासात दोन, आणि अप्पांच्या पलंगापासून दारापर्यंत भिंतीला एक लांबच लांब.

"हे घर आहे की एकोणतीस सी बस?" त्याची बायको मलर म्हणे. "एक कंडक्टर तेवढा ठेवायचा राहिलाय."

एवढं करूनही अप्पा पडले ते पडलेच. आणि पडले ते हेडफोनच्या वायरमुळे, जिच्यासाठी विम्याच्या अर्जात रकानासुद्धा नाही.

अप्पा, म्हणजे तिरुवेंगडम, वय चौऱ्याऐंशी. रेडिओ स्टेशनच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रणाच्या टेबलामागे चौतीस वर्षं बसून त्यांनी लोकांचे आवाज जागेवर बसवले आणि त्या धांदलीत स्वतःचे कान घालवले. श्रवणयंत्र त्यांना दोनदा आणून दिलं होतं. ते फ्रीजमध्ये अंड्यांच्या खणात असे. "त्यात आवाज येतो, माणूस येत नाही," एवढंच त्यांचं त्यावर मत. त्यांना चालत असे तो निवृत्तीच्या वेळी मिळालेला जर्मन हेडफोन. दोन वाट्या, प्रत्येक नारळाच्या करवंटीएवढी, आणि त्यातून निघणारी तीन मीटर वायर. ती वायर एका छोट्या यंत्रात जाई, त्या यंत्राला एका बाजूने रेडिओ जोडलेला आणि दुसऱ्या बाजूने माइक. अप्पांशी बोलायचं तर खुर्चीशेजारच्या तिपाईवरचा माइक चालू करायचा, लाल दिवा लागला की बोलायचं. मलर लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं की सासरे आपली मुलाखत घेताहेत.

सकाळच्या कॉफीपासून झोपेपर्यंत हेडफोन डोक्यावरच. आवाजाच्या बटणावर अप्पांनी स्वतःच्या मापाला चिकटपट्टी लावून टाकली होती. त्या मापाच्या आवाजात दोन्ही कानांवर हेडफोन घालायची घरात कुणाची हिंमत नव्हती. मलरने एकदाच घातला होता, आणि दोन दिवस तिला कुकरच्या शिट्ट्या मोजता आल्या नव्हत्या.

तर चित्तिरै महिन्यात, उन्हाळा तापू लागला तेव्हा, एके सकाळी दाराचा दिवा लागला. (अप्पांसाठी घंटेऐवजी दिवा होता.) घरात दुसरं कोणी नव्हतं. अप्पा उठले, दाराकडे निघाले, डोक्यावर हेडफोन तसाच. वायर तीन मीटर आणि दार चार मीटरवर. भुवईला चार टाके पडले.

दुसऱ्याच दिवशी पोन्नी अक्काचा फोन. पार्थिबनची ही थोरली बहीण कोइंबतूरला असते. मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, असं ती म्हणते. आवाज अजून नोकरीतच आहे.

"बापाला वायरने बांधून ठेवलंयस का रे? गाय आहेत का ते?"

"अक्का, मी काय बांधलं? ते स्वतःच..."

"स्वतःच बांधून घेतलं! छान. हे तू तुझ्या हापिसात ऐकून घेशील? पार्थी, माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर ज्येष्ठांचं निवास आहे. चोवीस तास नर्स. खोली बघून ठेवलीय मी. आणखी एक गोष्ट घडू दे, कुठलीही, की मी येऊन घेऊन जाणार. अर्ज पाठवून ठेवते. दोघांच्या सह्या लागतात."

तिने फोन ठेवल्यावर पार्थिबन बराच वेळ अप्पांकडे पाहत बसला. भुवईवर पट्टी, डोक्यावर हेडफोन, डोळे मिटलेले. या खुर्चीतून, या तिपाईपासून, या चिकटपट्टीपासून हलवलेला माणूस किती टिकेल याचा हिशेब त्याला तोंडपाठ होता. तो दुसऱ्यांच्या बापांसाठी रोज करत असे.

बिनवायरचा हेडफोन आधी आणून झाला होता. अप्पांनी तो पाच मिनिटांत काढून हातात दिला. "तुझं तोंड आधी हलतं आणि तू नंतर बोलतोस. सरकारी खात्यात चालेल. इथे नाही."

तेव्हा उरला एकच उपाय. वायर ओढली गेली की सुटली पाहिजे. वाट्यांना सॉकेट बसवायचे, वायरीच्या टोकांना पिना, ताण आला की पिना बाहेर, माणूस उभा. जगात पुष्कळ लोक घरी बसून हे करतात असं पार्थिबनला इंटरनेटवर कळलं. तिथे एक तरुण होता, त्याचे फक्त हात दिसत. ते हात इतके निवांत होते की पाहून पार्थिबनला रडू यायचं बाकी राहिलं.

रिची स्ट्रीटवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानदाराला मात्र हे पटलं नाही.

"सर, हा घ्या. एकदम घट्ट. हत्तीने ओढला तरी सुटणार नाही."

"मला सुटणारा पाहिजे."

"सुटणारा?" दुकानदाराने शेजारच्या दुकानदाराकडे पाहिलं. "अहो, लोक सुटू नये म्हणून येतात माझ्याकडे. तुम्ही पहिले."

शेवटी खालच्या खणातून त्याने दोन सैल सॉकेट काढून दिले, अपंग नातेवाईक दाखवावेत तसे.

रविवारी दुपारी रसमभात जेवून अप्पा झोपले आणि पार्थिबनने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. अग्निनक्षत्राचे दिवस, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले. पंखा लावला तर सोल्डरिंग, म्हणजे वितळत्या कथिलाने तारा जोडणं, बिघडतं, म्हणून पंखा बंद. घामाचा थेंब वाटीत पडू नये म्हणून मलर त्याच्या कपाळाला टॉवेल लावून उभी होती, ऑपरेशनला नर्स असते तशी.

"नक्की येतं ना तुम्हाला?"

"हळू बोल."

"ते झोपलेत. आणि बहिरे आहेत."

"मी नाहीये ना."

वाट्यांच्या गाद्या निघाल्या, स्क्रू निघाले. आत एक पातळ पडदा आणि त्याला चिकटलेली तारेची गुंडाळी. केसापेक्षा बारीक तार. तिला सोल्डरिंगच्या कांडीचं गरम टोक नुसतं लागलं तरी ती गेली, आणि ती गेली की हेडफोन गेला, कारण तो बनवणारी कंपनी केव्हाच दुसऱ्या धंद्याला लागली होती. आणि हेडफोन गेला की अप्पा गेले. जिवंत असतील, पण आपल्याकडे नसतील. पार्थिबनने जुनी वायर सोडवली, वाटीला भोक पाडलं, सॉकेट बसवला. व्हिडिओतल्या हातांनी सांगितलं होतं, दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या करा. त्याने तंतोतंत तसंच केलं. डाव्या वाटीत लाल तार पडद्याच्या डाव्या पितळी पट्टीला, उजव्या वाटीत लाल तार उजव्या पट्टीला. बाहेरून पाहिलं तर कारखान्यात बनल्यासारखं दिसत होतं.

मग डावी वाटी कानापासून वीतभर धरून रेडिओ लावला. आवाज आला. उजवी धरली. आला. मलरनेही तसंच केलं, आधी एक, मग दुसरी, हातभर अंतरावरून, फटाका लावल्यासारखी.

"दोन्हीकडे येतोय," ती म्हणाली, आणि पार्थिबनने सोल्डरिंगची कांडी खाली ठेवली.

त्याने हेडफोन स्वतःच्या गळ्यात अडकवला, वायरीचं टोक यंत्रात तसंच ठेवून दाराकडे चालत सुटला. तिसऱ्या मीटरला टक, टक. आधी डावी पिन, मग उजवी. वायर जमिनीवर. तो उभा. त्याने हे सात वेळा केलं. आठव्या वेळी मलर म्हणाली, "झालं, आता मला पण भीती वाटायला लागली."

चार वाजता अप्पा उठले. कॉफी घेतली, हेडफोन घातला, नव्या पिनांवरून बोटं फिरवली. रेडिओवर बातम्या सुरू झाल्या. अप्पांनी डोळे उघडले. मान थोडी वाकडी केली. मग नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाले,

"मागे माणूस उभा आहे."

पार्थिबनने मागे पाहिलं. खुर्चीमागे भिंत होती आणि भिंतीवर मुरुगन देवाचं कॅलेंडर. त्याने लाल दिवा लावला. "कोण उभा आहे, अप्पा?"

"मला काय माहीत? कालपर्यंत नव्हता. तूच आणलास."

पार्थिबनचा हात माइकवर तसाच राहिला. त्याला एकदम गावच्या घराची ओसरी आठवली. त्याचे आजोबा शेवटची दोन वर्षं सांगत, ओसरीवर एक माणूस आलाय, त्याला पाणी द्या. आई रोज दुपारी एक पेला भरून रिकाम्या ओसरीवर नेऊन ठेवी. संध्याकाळी पेला रिकामा असे. कावळे पीत असतील. आजोबांना मग मागच्या खोलीत ठेवलं, आणि आठ महिन्यांत ती खोली मोकळी झाली. आजोबांना सुरुवात झाली तेव्हा ते चौऱ्याऐंशीचेच होते.

"काय म्हणतो तो?" पार्थिबनने विचारलं.

"बातम्या देतोय," अप्पा म्हणाले. "काढ त्याला. दोन मिनिटांचं काम आहे."

त्या रात्री जेवणं लवकर उरकली. सोमवारी सकाळी कामाला जाण्याआधी पार्थिबनने हेडफोन मागून घेतला आणि पुन्हा तपासला. शंका आली नाही असं नाही. डावी वाटी वीतभर अंतरावर. आवाज स्वच्छ. उजवी वाटी. स्वच्छ. म्हणजे हेडफोन ठीक होता. मग जे ठीक नव्हतं ते दोन वाट्यांच्या मधे होतं.

मंगळवारी अप्पांनी विचारलं, "अजून काढला नाहीस?"

"अप्पा, तो... त्रास देतो का?"

"त्रास म्हणजे? मागे उभं राहून कोणी बोलत असेल तर तुला बरं वाटेल?"

मलरने मध्यममार्ग काढला. तिने खुर्ची फिरवून तिची पाठ खिडकीकडे केली. तिसऱ्या मजल्यावर खिडकीबाहेर कोण उभा राहणार? अप्पांनी तिच्याकडे असं पाहिलं, की स्टुडिओत चौतीस वर्षांत कितीजणींनी राजीनामे दिले असतील याचा अंदाज यावा.

"खुर्ची फिरवून काय होतंय, पोरी? तो माझ्याबरोबर फिरतो."

मलरने खुर्ची परत होती तशी केली आणि देवापाशी जाऊन दिवा लावला. सकाळचे अकरा वाजले होते. त्यानंतर ती खुर्चीमागची फरशी पुसेना. बुधवारी धीर करून केरसुणी घेऊन वाकली, तोच रेडिओवर कार्यक्रम बदलला आणि अप्पा म्हणाले, "आता बाई आहे." ती केरसुणी तिथेच टाकून स्वयंपाकघरात आली, आणि पार्थिबनला हापिसात फोन करून फक्त एवढंच म्हणाली, "अहो, घरी या."

तो आला. माइकसमोर बसला, अप्पांच्या अगदी तोंडासमोर, गुडघ्याला गुडघा लावून. दिवा लावला. "अप्पा, माझ्याकडे बघा. मी कोण?"

अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. डोळे स्वच्छ, नजर सरळ.

"पार्थी," ते म्हणाले. "पण तू मागे का उभा आहेस?"

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. पार्थिबनने दिवा बंद केला. आपल्या पाठीमागे कुणी आहे का हे पाहण्याची त्याला अनावर इच्छा झाली आणि त्याने पाहिलं नाही, कारण मलर पाहत होती.

गुरुवारी डॉक्टर. दवाखान्यात हेडफोन नाही, तेव्हा प्रश्न कागदावर लिहून. अप्पांनी शंभरातून सात सात वजा करत नेले आणि शेवटी दोन उरतात हे डॉक्टरच्या आधी सांगितलं. घड्याळ काढा म्हटल्यावर स्टुडिओतलं काढलं, सेकंदकाट्यासकट. डॉक्टरांनी लिहिलं: 'मागे जो माणूस उभा असतो तो आत्ता आहे का?' अप्पांनी वाचलं आणि मुलाकडे रागाने पाहिलं, घरची गोष्ट परक्याला सांगितल्यासारखं. मग खाली लिहिलं: 'इथे कसा असेल? घरी आहे.'

डॉक्टरांनी कागदाची घडी केली. "घरीच असतो म्हणतात. हं. सुरुवात अशीच होते. पुढल्या आठवड्यात डोक्याचा फोटो काढू."

शुक्रवारी दुपारी हापिसात, जेवणाच्या सुट्टीत, पार्थिबनने अक्काने पाठवलेला अर्ज उघडला. गॅसचा विचार केला, गच्चीच्या दाराचा केला, अप्पा एक दिवस त्या मागच्या माणसाला हाकलायला काठी उचलतील आणि मागे मलर असेल, याचा केला. त्याचं कामच ते होतं, वाईटातलं वाईट काय होईल ते आधी लिहून ठेवणं. 'मुलाची संमती' या रकान्यात त्याने सही केली. अक्षर चांगलं आलं. अर्ज स्कॅन करून अक्काला पाठवला आणि मग डबा न खाता तसाच घरी आणला. मलरने डबा उघडून पाहिला आणि तसाच गरम करायला घेतला.

रविवारी सकाळच्या गाडीने अक्का अप्पांना न्यायला यायची होती. आणि रविवारी पहाटे पार्थिबनला जाग आली ती वेगळ्याच भीतीने. अर्ज गेला होता, पण अजून अक्काची सही व्हायची होती. तिच्यासमोर अप्पा त्या माणसाबद्दल काही बोललेच नाहीत तर? काही ऐकूच आलं नाही, तर एक दिवस गप्प राहतील. त्याने हेडफोन उचलला आणि स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या डब्यात खोल पुरून टाकला. विम्याच्या भाषेत याला पुरावा नष्ट करणं म्हणतात. त्याने अशा लोकांचे दावे फेटाळले होते.

परिणाम उलटाच झाला. कानांत काही नसलेले अप्पा घरभर फिरू लागले. तिपाईखाली वाकून पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, भिंतीवरच्या दांडीवरून हात फिरवत दारापर्यंत गेले आणि परत आले, फ्रीज उघडून अंड्यांचा खण चाचपला. तोंडाने काहीतरी पुटपुटत. नेमकी त्याच वेळी अक्का बॅग घेऊन दारात उभी राहिली.

"कधीपासून असे?" तिने विचारलं. तिचा आवाज पहिल्यांदाच शाळेबाहेरचा वाटला.

"अक्का, ते फक्त..."

"पार्थी. भिंत चाचपताहेत ते."

मलरने पार्थिबनकडे पाहिलं, मग तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि हेडफोन काढून सासऱ्यांच्या हातात दिला. वाट्यांमधून तांदूळ गळत होते. अप्पांनी तो झटकला, खुर्चीत बसले, डोक्यावर चढवला. अक्काने माइक ओढला.

"अप्पा, मी पोन्नी. कसे आहात?"

अप्पांचा चेहरा उजळला, आणि मग पडला.

"तू पण मागे गेलीस?" ते म्हणाले.

अक्काने डोळे मिटून घेतले. मग पर्समधून अर्ज काढला, पेन काढलं. पेनाचं टोपण काढलं. पार्थिबन तिच्या हाताकडे पाहत राहिला. सोल्डरिंगच्या वेळी तारेकडे पाहत होता तसा.

पण मुख्याध्यापिका एक गोष्ट करत नाही. पेपर न वाचता मार्क देत नाही. तिने टोपण परत लावलं.

"काय ऐकू येतं ते मला बघू दे आधी."

"अक्का, नको. दोन्ही कानांवर नको घालू. आवाज फार..."

"मोठा आहे ना? मग कमी कर."

"पट्टी लावलीय अप्पांनी."

"पट्टी आहे. विटेचं बांधकाम नाही." तिने नखाने चिकटपट्टी उचकटली. नऊ वर्षांची पट्टी. पार्थिबन आणि मलर दोघंही अर्धं पाऊल मागे सरकले. अप्पा मात्र शांतपणे पाहत होते. अक्काने बटण खाली आणलं, अप्पांच्या डोक्यावरून हेडफोन काढला आणि स्वतःच्या दोन्ही कानांवर नीट बसवला. "बोल काहीतरी."

पार्थिबन तिच्या समोर उभा होता. त्याने माइक तोंडाशी धरला. "अक्का, ऐकू येतंय का?"

अक्का झर्रकन मागे वळली.

मागे मुरुगनचं कॅलेंडर होतं. ती क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिली. मग सावकाश पुढे वळली. तिच्या हातांवर काटा आला होता. पार्थिबनला तो दिसत होता.

"कोण बोललं ते?" तिने विचारलं.

"मीच."

"तू समोर आहेस."

अप्पांना यातलं काही ऐकू आलं नव्हतं. पण लेक वळलेली त्यांनी पाहिली होती, आणि त्यांना तेवढं पुरलं. ते खुर्चीत ताठ झाले.

"उभा आहे ना?" ते म्हणाले. "मी आठ दिवस सांगतोय याला. एका वाटीची तार उलटी लागलीय. एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. मग माणूस मधे राहत नाही, मागे जाऊन उभा राहतो. स्टुडिओत नवा आलेला प्रत्येकजण पहिल्या आठवड्यात हे करायचाच. आम्ही टेबलावरून ओरडायचो, मागचा माणूस काढ रे! तो काढायचा. याला म्हटलं, तर हा विचारतो, कोण आहे तो, काय म्हणतो तो, त्रास देतो का." त्यांनी मुलाकडे पाहिलं. "मला वाटलं, एवढं सॉकेट बिकेट बसवलंस म्हणजे तुला हे माहीत असेल. थट्टा करतोस म्हणून मी गप्प बसलो."

आरसा. पार्थिबनला ते निवांत हात आठवले. आरशात डावं ते उजवं दिसतं, आणि आतले दोन्ही पडदे मात्र एकसारखे असतात. त्यांना कोणी आरसा दाखवलेला नसतो.

दोन मिनिटांच्या कामाला चाळीस मिनिटं लागली, कारण पार्थिबन प्रत्येक तार तीनदा तपासत होता. उजवी वाटी उघडली, दोन तारा सोडवल्या, जागा बदलून परत टेकवल्या. कोणी पंखा लावला नाही. अक्का स्वतः टॉवेल घेऊन उभी होती.

अप्पांनी हेडफोन घातला. पार्थिबनने लाल दिवा लावला, आणि काय बोलावं ते न सुचून म्हणाला, "एक, दोन, तीन."

अप्पांनी डोळे मिटले. मग त्यांनी एक बोट उचलून स्वतःच्या नाकासमोर धरलं.

"आला. इथे. मधोमध."

मलर हसली आणि पदराने डोळे पुसत कॉफी करायला गेली. अप्पांनी बटण आपल्या मापाला नेलं, पण नवी चिकटपट्टी काही मागितली नाही. मान मागे टाकून ते ऐकत बसले. भाऊ-बहीण तिपाईच्या दोन बाजूंना स्टुलांवर बसली. अर्ज अक्काच्या मांडीवर होता. तिने तो उलटा केला.

"मी सही करणार होते रे," ती अगदी हळू म्हणाली. "टोपण काढलं होतं मी."

पार्थिबन बोटाला चिकटलेला कथिलाचा कण सोलत होता.

"वेडे झाले म्हणून बापाला नेऊन ठेवलं असतं. आणि ते आपले त्या खोलीत बसून सगळ्यांना सांगत असते, तार उलटी आहे म्हणून. कुणी ऐकलं असतं?"

"तू करणार होतीस," पार्थिबन म्हणाला. "मी केली. शुक्रवारी. तुझ्या मांडीवरच आहे."

"मला माहीत आहे. सही पाहून वाटलं होतं, चला, पार्थीने त्रास दिला नाही."

"गाडी किती वाजता सांगितली होतीस न्यायला?"

"तीन वाजता. नको म्हणून सांगते आता."

स्वयंपाकघरात भांडं वाजलं.

"पोन्नी," अप्पा म्हणाले. डोळे अजून मिटलेलेच होते. "कोइंबतूरला रेडिओ नीट लागतो का गं?"

पार्थिबनची मान आधी वळली. तिपाईवर, दोघांच्या बरोबर मधे, माइकचा लाल दिवा चालू होता. एक, दोन, तीन म्हटल्यापासून तो कोणी बंद केलाच नव्हता. एवढ्या जवळून बोललेलं अप्पांच्या दोन्ही कानांच्या बरोबर मधोमध पोचलं असणार, एक शब्द न सांडता. काम चांगलं झालं होतं.

"अप्पा," अक्का म्हणाली.

अप्पा उठले. काठी घेतली नाही. डोक्यावर हेडफोन तसाच ठेवून ते भिंतीच्या दांडीला हात न लावता आपल्या खोलीकडे चालू लागले. पाठ ताठ. पार्थिबन अर्धा उठला, त्याच्या तोंडातून "वायर!" असा शब्द निघालासुद्धा. वायर फरशीवरून सरकत गेली, तिसऱ्या मीटरला ताठ झाली.

टक, टक. आधी डावी, मग उजवी.

अप्पा अडखळले नाहीत. त्यांचा तोलसुद्धा गेला नाही. ते चालत राहिले आणि खोलीचं दार त्यांनी आतून लोटून घेतलं.

पार्थिबनने माइक उचलला आणि बोलायला लागला. अप्पा, ऐका ना. अप्पा, मला वाटलं होतं की. मलर कॉफीचे पेले घेऊन आली आणि दारातच थांबली. फरशीवर वायरीच्या दोन पिना पडल्या होत्या. त्यांच्याकडे बघत तो बोलत राहिला.